फुलाचा पत्ता कुणाला सांगायचा?

सप्टेंबर उजाडला की रानफुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नियम पुन्हा पिन होतो: लोकेशन विचारू नये, विचारलं तरी सांगू नये. फोटो टाका, नाव टाका, फार तर ‘सातारा जिल्हा’ किंवा ‘कोकण’ म्हणा आणि गप्प बसा. एखादा नवखा ‘कुठे मिळालं सर?’ असं विचारून बसतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. नियम चांगल्या हेतूने आला आहे, त्यामागे खरी कारणंही आहेत. तरी माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात तो आपण उलटा चालवतो आहोत. ज्यांच्यापासून पत्ता लपवायचा त्यांच्यापर्यंत तो हमखास पोचतो. ज्यांना तो सर्वांत आधी कळायला हवा, त्या गावाच्या कानावर मात्र आपण कधीच घालत नाही.

आधी कारणं बघू. सह्याद्रीतली कंदीलपुष्पं घ्या. सेरोपेजिया वंशातल्या कितीतरी जाती फक्त इथल्याच, आणि काही तर एखाद-दुसऱ्या गडाच्या उतारापुरत्या. गवतात हे झाड ओळखूच येत नाही. फूल आलं तरच नजरेत भरतं. तळाशी फुगीर कुपी, वर निमुळती नळी आणि टोकाला पाच पाकळ्या शेंड्यांशी जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत उतरते आणि नळीतले खाली वळलेले केस तिला वर येऊ देत नाहीत. पुढे ते केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी परागांचं गाठोडं घेऊन सुटते. एवढा खटाटोप करूनही शेंगा धरतात थोड्याच. जमिनीखाली कंद असतो; तो उपटला की विषय संपला.

अशा झाडाचा पत्ता जाहीर झाला की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स या ऑर्किडची शास्त्रीय नोंद 1999 मध्ये झाली. त्यानंतर मोजक्या वर्षांत गोळा करणाऱ्यांनी रानातली झाडं जवळपास पुसून टाकली. दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडमध्ये, जिथे वसंतात वाळवंट फुलांनी भरून जातं आणि फोटोसाठी जगभरातून माणसं येतात, तिथे कोनोफायटम नावाची गोट्यांसारखी दिसणारी बुटकी झाडं आहेत. 2019 पासून त्यांची चोरी एवढी वाढली की जप्त झालेल्या झाडांची गणती लाखांत गेली. गिऱ्हाईक कोण, तर आपापल्या शहरात खिडकीत कुंडी ठेवणारे लोक. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तर सहकाऱ्यांना सरळ विनंती केली की दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणं छापू नका. त्यावर प्रतिवादही झाला. ठिकाणच माहीत नसेल तर ते वाचवणार कसं, असा दुसऱ्या बाजूचा सवाल होता.

इंग्लंडमधल्या लेडीज स्लिपर ऑर्किडचं उदाहरण आपल्याकडे गुप्ततेच्या बाजूने नेहमी दिलं जातं. नामशेष झालं असं समजलं गेलेलं ते झाड 1930 मध्ये यॉर्कशायरमध्ये एका जागी सापडलं आणि त्याचा पत्ता पुढे कित्येक दशकं बाहेर फुटू दिला नाही. खरं आहे. पण पुढचं वाक्य आपण गिळतो: दर हंगामात त्या झाडावर माणसांचा पहारा असायचा. आपल्या गुप्ततेत पहारा कुठे आहे?

आणि गुप्तता तरी कसली! फोटोत मागे धूसर डोंगररांग आली की गड-किल्ले फिरणारा माणूस सुळक्याच्या आकारावरून जागा ओळखतो. हेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर मोबाइलने टिपलेले अक्षांश-रेखांश त्यासोबत जातात आणि पाठवणाऱ्याला ठाऊकही नसतं. नवी जात सापडली की गडाचं नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात असतं. शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखलं जाणारं सेरोपेजिया शिवरायियाना हे नवं कंदीलपुष्प विशाळगडावर सापडलं, ही बातमी सगळ्यांनी अभिमानाने फिरवली. मीही फिरवली आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. आनंदाची बातमी ती आनंदाचीच. मात्र एकीकडे गडाचं नाव छापायचं आणि दुसरीकडे ग्रुपवर विचारणाऱ्या पोराला झापायचं, याला धोरण म्हणता येत नाही. उरलेलं काम खासगी मेसेज करतात. ‘तुला म्हणून सांगतो’ या तीन शब्दांनी जेवढे पत्ते फुटले असतील, तेवढे कुठल्या संकेतस्थळाने फोडले नसतील.

ज्याला कंद विकायचा आहे तो ग्रुपमध्ये ‘सर, अप्रतिम!’ असं लिहीत शांतपणे बसलेला असू शकतो. आपण ज्याला अडवतो तो बहुतेक वेळा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो.

जावळी खोऱ्याच्या वरच्या एका सड्यावर, म्हणजे सपाट कातळपठारावर, आमच्यातला एकजण मॅक्रो लेन्स लावून पालथा पडला होता. गुरं घेऊन चाललेला एक म्हातारबुवा थबकला आणि म्हणाला, “काय सांडलंय व्हय सायेब?” कंदीलपुष्प दाखवल्यावर तो हसला. “ह्ये? खरपुडी हाय ती. पल्याडच्या टेपावर लई हायती. ल्हानपनी आमी उकरून खायाचो.” आमच्या मंडळींनी गेली काही वर्षं जपलेलं गुपित त्याने एका वाक्यात मोडीत काढलं, वर नव्या जागेचा पत्ताही दिला. मजा म्हणजे त्याचं आम्ही काय केलं? पल्याडचं टेपाड पाहिलं, फोटो काढले आणि त्याला ‘आजोबा, ही झाडं फार कमी उरलीत, जगात दुसरीकडे कुठे नाहीत’ एवढंही न सांगता गाडीत बसून पुण्याला आलो. हे फक्त आमचं नाही. या छंदाची सगळी रीतच अशी आहे. गावाकडून घ्यायची ती वाट, चहा आणि फार तर एखादा वाटाड्या. माहिती शहराकडे जाते, तिथून ग्रुपवर, तिथून फोटोच्या प्रदर्शनात.

नुकसान करणारा कोण, याबद्दलही आपल्या मनात एक सोयीस्कर चित्र आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर शनिवार-रविवारी येणारी, फुलांत बसून सेल्फी काढणारी गर्दी म्हणजे गुन्हेगार आणि गळ्यात महागडा कॅमेरा अडकवून चालणारे आपण म्हणजे निसर्गप्रेमी. सड्याची रचना ज्याला माहीत आहे त्याला हे पटणार नाही. जांभ्या दगडावर बोट-दोन बोटं माती, कधी तेवढीही नाही. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत त्या ओलसर पापुद्र्यावर सगळा संसार उरकायचा, मग उरलेलं वर्ष तापलेला कातळ. सीतेची आसवं हे कीटकभक्षी फूल करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या पातळीला लेन्स आणायची तर पोटावर झोपावंच लागतं, आणि पोटाखाली, कोपरांखाली, गुडघ्यांखाली जे असतं तेही सीतेची आसवं, दवबिंदू आणि गेंदच. सेल्फीवाला जिथे उभा राहतो तिथे बहुधा आधीच वाट पडलेली असते. आपल्याला मात्र कुणी न तुडवलेली जागा हवी असते, आणि ती आपण तुडवूनच मिळवतो. त्यात काहीजण शेजारच्या काड्या खुडून ‘बॅकग्राउंड क्लीन’ करतात. फुलांभोवतीच्या या बागकामासाठी बॅगेत छोटी कात्री बाळगणारे मी पाहिले आहेत.

फुलपाखरांच्या बाबतीत तऱ्हा वेगळी. खुळखुळ्याची किंवा भुरुंडीची फांदी जरा चुरगळली की ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर जातीचे नर वासावर येतात आणि त्या झाडातली द्रव्यं शोषण्यात इतके गुंग होतात की हाताच्या अंतरावरून फोटो मिळतो. यात फुलपाखराचं काही बिघडत नाही, त्याला हवं तेच मिळतं. ओढ्याकाठी ओल्या मातीत क्षार शोषायला बसलेला थवा पुन्हापुन्हा उडवून ‘उडतानाचा’ फोटो घेणं हे मात्र निव्वळ छळणं. आणि फुलपाखरू डब्यात घालून फ्रिजमध्ये गारठवायचं, मग फुलावर ठेवून फोटो काढायचा, हा प्रकार तर स्पर्धांमध्ये बक्षिसंही घेऊन जातो. थंडीने जखडलेल्या फुलपाखराची बसण्याची ढब जाणकाराला कळते. परीक्षकांना ती का कळत नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

म्हणून कासला नाक मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दीचा लोंढा सुरू झाला. पठाराला तारेची जाळी लागली. जाळीमुळे गुरं आत येईनाशी झाली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी तक्रार गावकऱ्यांनी आणि काही अभ्यासकांनी केली, त्यावर वाद झाला, आणि शेवटी ती जाळी काढली गेली. ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाच्या पर्यटकांवर मर्यादा आली. तिकीट, पार्किंग, देखरेख हे सगळं परिसरातल्या गावांची समिती वनखात्याबरोबर सांभाळते. यात गोंधळ पुष्कळ आहे, सुट्टीच्या दिवशी तर विचारू नका. तरीही कासचं एक वैशिष्ट्य असं की तिथल्या माणसाला फुलाची किंमत माहीत आहे, कारण फुलं त्याच्या घराच्या उत्पन्नात आहेत. वायतुरा हे फूल जगात कुठे उगवतं हे कासच्या वाटेवरचा वीस वर्षांचा गाईड घडाघडा सांगतो. ‘कास आता कमर्शियल झालंय’ असं म्हणत आपण शेजारच्या अनवट सड्यावर जातो, तिथे ना वाट ना पहारा ना गावाचा संबंध. पुढच्या वर्षी तिथे आपल्या मागून अजून चार गाड्या येतात. गर्दीला सामावून घेणारी एक जागा असणं ही सोय आहे. हौशी माणसाने कासलाच जावं, बुधवारी जावं, वाटेवरून फोटो काढावेत. झूम लेन्स त्यासाठीच असते.

गर्दीने होणारं नुकसान डोळ्यांना फार दिसतं, म्हणून त्याची चर्चाही फार. कॅलिफोर्नियात 2019 च्या वसंतात वॉकर कॅनियनच्या टेकड्या केशरी पॉपींनी झाकून गेल्या. पेंटेड लेडी फुलपाखरांचे प्रचंड थवेही त्याच सुमारास वाळवंटाकडून उत्तरेला निघाले होते. फोटोंपायी लेक एल्सिनोर या छोट्या शहराची गर्दीने इतकी कोंडी झाली की 2023 मध्ये पुन्हा तसाच बहर येणार असं दिसताच शहराने कॅनियनची वाट बंद करून टाकली. तिकडच्या मराठी घरांतून आपल्याकडे आलेले ते फोटो अनेकांना आठवत असतील. पॉपी मुबलक आहे; एक वर्ष तुडवली गेली तरी मातीत बी उरतं. तिथे वाट बंद करता आली, कारण ती वाट कुणाची आणि तिथे काय उगवतं, हे शहराला पक्कं ठाऊक होतं.

आपल्या सड्यांबद्दल हेच कुणाला ठाऊक नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांचा सातबारा काढून बघा. जमीन खासगी, आणि तिच्यापुढे शेरा ‘पोटखराबा’. लागवडीला निरुपयोगी, म्हणजे कशालाही उपयोगी. चिऱ्यासाठी खाण काढा, सुरुंग लावून खड्डे पाडा, बाहेरून माती आणून भरा आणि हापूस लावा, प्लॉट पाडा. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. पहिल्या पावसाबरोबर कोकणच्या कातळावर पांढरीशुभ्र उमलणारी दीपकाडी ही फक्त या पट्ट्यातली वनस्पती आहे. ती जिथे उमलते त्या कातळाला कागदोपत्री ‘खराब’ असं नाव आहे. कंद चोरणारा एका रात्रीत पिशवीभर नेईल. जेसीबी तेवढ्याच रात्रीत सगळी वसाहत नेतो, आणि त्यावर कुणी गुन्हाही म्हणत नाही.

याच कातळांवरच्या एका वेगळ्या गोष्टीने दुसरा रस्ता दाखवला आहे. कातळशिल्पं. रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारून ती शोधली, आणि शोधून झाल्यावर गावालाच सांगितलं की हे काय आहे. उक्षीत गावाच्या पुढाकाराने शिल्पाभोवती दगडी कठडा उभा राहिला. कशेळी, देवीहसोळ, बारसू ही नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीचं माती सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा कातळशिल्पं हा वादाचा एक मोठा मुद्दा झाला. ती तिथे आहेत हे आधीच नोंदलेलं होतं, म्हणून तो मुद्दा मांडता आला. त्याच सड्यावर पावसाळ्यात काय उगवतं, याची चर्चा त्या मानाने किती झाली?

मग पत्ता सांगायचा कुणाला? समाजमाध्यमांवर तालुक्याच्या पुढे जायची गरज नाही, यात मी ग्रुपवाल्यांच्या बाजूचा आहे. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदव्यासपीठावर अचूक ठिकाण भरावं. धोक्यातल्या जातींचं ठिकाण तिथे आपोआप धूसर होतं, बाहेरच्याला साधारण वीस किलोमीटरचा चौकोन दिसतो. बाकीच्या जातींसाठी तो पर्याय स्वतः निवडता येतो. हे दोन्ही सोपं आहे, घरबसल्या होतं. तिसरं कुणी करत नाही: गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ती नोंद जाणं. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि ही नोंदवही असायला हवी. बऱ्याच गावांत ती मुदत गाठण्याच्या घाईत भरली गेली; आंबा, फणस, साग, मोर, ससा अशा याद्या उतरवून काढल्या की झालं. आपल्याकडच्या हार्ड डिस्कमध्ये जे पडून आहे ते त्या वहीत हवं आहे. तिथे लिहिताना अक्षांश-रेखांशासोबत गट नंबर लिहा, कारण ग्रामसभेत जमीन गट नंबराने ओळखली जाते. शास्त्रीय नावासोबत गावातलं नाव लिहा. आणि फोटोची प्रिंट काढून ती सरपंचांच्या, शाळेतल्या बाईंच्या, गुरं राखणाऱ्याच्या हातात द्या.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो पोकळ नाही. जमीनमालकाला कळलं की आपल्या कातळावर दुर्मिळ झाड आहे, उद्या सरकार आडवं येईल, तर तो आजच ट्रॅक्टर फिरवील. असं होऊ शकतं. वर्षानुवर्षं वनखातं, अभयारण्यं आणि नोटिसा यांचा जो अनुभव गावांनी घेतला आहे, तो पाहता त्या माणसाला दोषही देता येत नाही. म्हणून पहिली भेट कायद्याची भाषा घेऊन जाऊ नये. पहिली गोष्ट गाईडच्या रोजगाराची, चहा-जेवणाच्या पैशांची, आणि चराईची असावी. चराईमुळे गवत आटोक्यात राहून सड्यावरच्या फुलांना जागा मिळते, तेव्हा ‘गुरं बंद करा’ असं सांगायला जाणाऱ्याने कासच्या जाळीची कथा आधी ऐकावी. प्रत्येक सड्याचं कास होणार नाही, व्हायलाही नको. एखाद्या मालकाने तरीही ट्रॅक्टर फिरवला तर? फिरवील. आज तो फिरवतोच आहे, फरक एवढाच की आपल्याला कळत नाही. म्हातारबुवांसारखी खरपुडी खाणारी माणसं हा धोका आहे असंही काहींना वाटतं. गुरांमागे चालता चालता चार कंद उकरणाऱ्या पिढीने हे झाड आपल्यापर्यंत पोचू दिलं, एवढं त्यांनी लक्षात घ्यावं.

आता या सगळ्यात फोटोग्राफरची गरज का, वनस्पतिशास्त्रज्ञ का नकोत? ते हवेतच, पण मोजके आहेत आणि सडे शेकडो. शिवाय कायद्यातच एक भोक आहे. प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघाताचा अभ्यास करताना हवा-पाण्यापासून झाडाझुडपांपर्यंतची मूळ माहिती साधारणपणे एकाच हंगामात गोळा केली जाते, आणि 2006 च्या अधिसूचनेच्या चौकटीत तो हंगाम पावसाळा सोडून धरला जातो. म्हणजे सर्वेक्षण करणारा माणूस फेब्रुवारीत किंवा एप्रिलमध्ये सड्यावर येतो, त्याला करपलेलं गवत आणि काळा कातळ दिसतो, आणि तो अहवालात ‘विरळ गवत, उल्लेखनीय वनस्पती नाही’ अशा अर्थाचं लिहितो. तो खोटंही बोलत नसतो. कंद जमिनीखाली निजलेले असतात, बी मातीत असतं, फुलपाखरांच्या अळ्यांची झाडं वाळून गेलेली असतात. त्या गट नंबरात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय होतं याचा तारखेसह, जागेसह पुरावा उभ्या महाराष्ट्रात फक्त आपल्या कॅमेऱ्यांत आहे, आणि जनसुनावणीच्या दिवशी तो मांडायचा हक्क त्या गावच्या माणसाला आहे. त्याच्याकडे तो पोचलेला असला तर.